चोवीस नंबरचा नारिंगी दिवा

यंत्राला भावकी नसते. यंत्र कोणाचा मानपान ठेवत नाही, कोणाची मर्जी राखत नाही, ज्याचं त्याला चोख देतं. आणि म्हणूनच यंत्राच्या सहवासात राहणारा माणूस हळूहळू निर्मत्सर होत जातो. हे विधान प्रवीण उतेकर दरवर्षी जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना ऐकवत असे, आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. यंदा ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला त्याला स्वतःच्याच लॅबमधल्या यंत्रात भावकी दिसली.

महाडहून नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या शिक्षण मंडळाच्या तीन इमारती आहेत. कॉलेज, पॉलिटेक्निक आणि शाळा. कॉलेजचा कॉम्प्युटर विभाग एकवीस वर्षं प्रवीणकडे. पॉलिटेक्निकचा राजेश पार्टेकडे, नऊ वर्षं. शाळेचा कोणाकडेच नाही, म्हणून तो सगळ्यात बरा चालतो. जुलैमध्ये मंडळानं तिन्ही इमारतींना नव्या केबलनं गोल जोडून घेतलं. कॉलेजपासून पॉलिटेक्निक, तिथून शाळा, शाळेतून परत कॉलेज. म्हणजे एका बाजूनं जेसीबीनं केबल उखडली तरी दुसऱ्या बाजूनं काम चालू राहावं. प्रत्येक इमारतीत एकेक नवा स्विच आला. पाटासारखं चपटं, चोवीस भोकांचं खोकं. प्रत्येक भोकावर मुगाएवढा दिवा. दिवा हिरवा असला की त्या वाटेनं जा-ये चालू.

प्रवीणच्या स्विचचे दिवे हिरवे होते. फक्त चोवीस नंबरचा, शाळेकडून येणाऱ्या केबलचा, नारिंगी होता.

त्यानं केबल काढून परत लावली. दिवा थोडा वेळ विचारात पडला आणि पुन्हा नारिंगी झाला. मग त्यानं स्विच पुरवणाऱ्या कंपनीच्या शुभमला फोन लावला. शुभम खेडहून बाईकवरून महाडला निघाला होता आणि कशेडीच्या अलीकडे चहाला थांबला होता.

"सर, ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाका. आत स्पॅनिंग ट्री म्हणून लिहिलंय, त्यावर क्लिक करा. मग पोर्ट स्टेटस. काय दिसतंय?"

प्रवीणसमोर तक्ता उघडला. चोवीस ओळी. बहुतेक ओळींपुढे 'फॉरवर्डिंग', म्हणजे वाट मोकळी. तेवीस नंबरपुढे, जिथं पॉलिटेक्निककडची केबल लागली होती, 'फॉरवर्डिंग' तर होतंच, वर 'रूट पोर्ट' अशी पदवीही होती. चोवीसपुढे फक्त 'ब्लॉकिंग'.

"ब्लॉकिंग आहे," प्रवीण म्हणाला.

"बरोबर आहे सर. बिघाड नाही तो. गोल झाला ना, की एकच निरोप फिरत बसतो गरागरा, सगळं जाम होतं. म्हणून एक वाट अडवून ठेवायची. दुसरी तुटली की ती आपोआप उघडते."

"ते कळलं रे. पण माझीच का?"

"ते स्विच आपसात ठरवतात सर. आधी एक मुख्य निवडतात. त्याला रूट म्हणायचं. मग प्रत्येकानं मुख्यापर्यंतची जवळची वाट चालू ठेवायची. तुमचा रूट पोर्ट कोणत्या दिशेला आहे?"

"पॉलिटेक्निकच्या."

"मग मुख्य त्या बाजूला आहे. निघतो सर आता, बोगद्यात रेंज—"

बोगद्यात रेंज नव्हती. शुभम आणखी काय सांगणार होता ते कशेडीच्या डोंगरानं ठेवून घेतलं. तो महाडला पोचला आणि तिथून तसाच माणगावच्या कामाला गेला.

प्रवीण त्या तक्त्याकडे बघत राहिला. मुख्य त्या बाजूला. त्या बाजूला दुसरं होतं कोण?

राजेश पार्टेबद्दल प्रवीणच्या मनात काही वाईट नव्हतं, असं प्रवीण नेहमी सांगे, कोणी न विचारताही. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला साधा मुलगा. फक्त काही गोष्टी प्रवीणच्या ध्यानात राहिल्या होत्या. राजेशची खुर्ची गोल फिरायची. प्रवीणची फिरायची, पण एकदा फिरली की परत यायची नाही. प्राचार्या प्रियदर्शिनी मॅडम एकाला 'राजेश' म्हणायच्या आणि दुसऱ्याला 'उतेकर'. राजेशच्या डोक्यावर एकेचाळिसाव्या वर्षी केस होते. कँटीनचा चहा रोज आधी पॉलिटेक्निकला जायचा आणि मग कॉलेजला यायचा, तोवर त्यावर साय धरलेली असायची. प्रवीणनं ही साय नऊ वर्षं बोटानं काढून टाकली होती आणि एकदाही तक्रार केली नव्हती, हे त्याला तारखेसकट माहीत होतं.

आणि आता ही जागा. मंडळानं 'नेटवर्क समन्वयक' असं नवं पद काढलं होतं. तिन्ही इमारतींचं नेटवर्क एकाच्या हाती. पगारात फरक नव्हता. पण दारावर नावाची पाटी लागणार होती, आणि एकवीस वर्षांत प्रवीणच्या नावाची पाटी कुठल्याच दारावर लागली नव्हती. त्याच्या लॅबच्या दारावर 'चपला बाहेर काढा' एवढंच होतं. शनिवारी निर्णय होता. प्रवीणनं अर्ज केला होता. राजेशनं केला असणारच. आणि शनिवारला चार दिवस असताना यंत्रांनी आपसात निवडणूक घेऊन निकाल लावूनही टाकला होता.

दुपारी तो छत्री घेऊन पॉलिटेक्निकला गेला. राजेशच्या स्विचचे दिवे एकजात हिरवे होते, भाताच्या रोपासारखे. त्या हिरव्यागार खोक्यावर राजेशनं आपला ओला रेनकोट वाळत घातला होता.

"या सर! काय बघताय एवढं निरखून?"

"काही नाही. दिवे बघतो."

"छान आहेत ना? गणपतीत मखराला लावले तर लायटिंगचा खर्च वाचेल." राजेश हसला. प्रवीणच्या मते हे हसणं माहितगार माणसाचं होतं.

"तू पोर्ट स्टेटस बघतोस का रे कधी?"

"कशाला? चालतंय की."

ज्याचं चालतं तो असंच बोलतो, असं मनाशी म्हणत प्रवीण बाहेर पडला. वाटेत पॉलिटेक्निकच्या मागच्या भिंतीला टेकून कँटीन होतं. ठकूबाई तिथं चुलीपुढे बसून चहा गाळत होती. दारातली ओली छत्री पाहून तिनं वर बघितलं.

"अगो बाय, आज मास्तर स्वतः आलं? चहा धाडला न्हवता काय?"

"धाडलास. सायीसकट." प्रवीणनं नऊ वर्षांचं मौन सोडलं. "ठकूबाई, एक सांग. चहा आधी पॉलिटेक्निकला का जातो? मी इथं आधीपासून आहे. राजेश यायच्या आधी तुझं हे पत्र्याचं छप्पर चढताना मी बघितलंय."

ठकूबाईनं गाळणी आपटली. "अवो मास्तर, टोप हितं हाय. पॉलिटेक्निक हितनं धा पावलं. तुमचं कॉलेज पार तिकडं. मंग आधी कुनाला दिऊ? तोंड बघून थोडाच वाटतंय कोन?"

"मग शाळेच्या बाजूनं पाठवायचा."

"दोनी बाजूनं धाडला त दोनदा यील चहा. मंग मॅडम माला इचारतील, कॉलेजची मानसं काय आंघोळ करतात काय चहानं. एक वाट चालू, एक बंद. आमाला परवडतंय ता तेवडंच."

प्रवीणला वाटलं, बाईला यात काही समजण्यासारखं नाही. त्यानं कँटीनकडे पाठ फिरवली.

रात्रीचं जेवण तुडीलला, गावच्या घरी व्हायचं. जेवताना त्यानं वडिलांना, हैबतींना, सगळं सांगितलं. स्विच, स्पॅनिंग ट्री वगैरे वगळून. एवढंच सांगितलं की तीन घरं आहेत, निरोप सगळीकडून फिरतो, आणि आपल्या एका दाराला अडसर घातलाय. मुख्य मान पार्ट्याच्या घरात गेलाय.

हैबतींनी हातातला घास ताटात ठेवला. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि एका वर्षी ती हैबतींच्या दारावरून न थांबता पुढे गेली होती. खालच्या आळीतल्या चुलतभावानं भोयांना फूस दिली, असं हैबतींचं म्हणणं. भोई म्हणाले, अंधारात दार दिसलं नाही. हैबती त्यानंतर अकरा वर्षं त्या चुलतभावाच्या घरी पाणी प्यायले नव्हते. बाराव्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याच्या तेराव्याला जेवून आले.

"बाबा, मग परत मान कसा मिळवलात तुम्ही?"

"मागून मिलतो काय मान? आपल्या गावात रीत हाय. ज्याच्या घरचं तांदूल ज्यास्ती पायली, तिथं पालखी आदी. त्यानं धा पायल्या घातल्या, मी ईस घातल्या. पालखी गुमान आली. मोठा आकडा घाल रे. मोठ्या आकड्यापुढं देवबी थांबतो."

बुधवारी सकाळी प्रवीणनं स्पॅनिंग ट्रीच्या पानावर आणखी एक रकाना शोधून काढला. 'प्रायॉरिटी'. पुढे आकडा होता ३२७६८. त्यावर क्लिक केलं की शून्यापासून आकड्यांची उतरंड उघडत होती. शून्य हा आकडा पाहून त्याला जरा हसू आलं. असा मान कोण घेणार? तो यादीच्या तळाला गेला. सगळ्यात मोठा आकडा होता ६१४४०. त्यानं तो निवडला, 'अप्लाय' दाबलं आणि हात जोडायचे राहून गेले एवढंच.

चोवीस नंबरचा दिवा नारिंगीच राहिला.

त्यानं पान ताजं केलं. ब्लॉकिंग. चहा प्यायला, साय काढली, पान ताजं केलं. ब्लॉकिंग. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेतलं, त्यात तीनदा उठून पान ताजं केलं. एका मुलीनं विचारलं, "सर, स्कोअर बघताय का?" तो हो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्याची खात्री झाली. राजेशनंही आकडा वाढवलाय. आपण वीस पायल्या घातल्या, त्यानं तीस घातल्या. आता ६१४४०च्या वर यादीत आकडाच नव्हता, म्हणजे पार्ट्यानं यादीबाहेरचा आकडा मिळवला. हे वरून कोणाच्या तरी आशीर्वादाशिवाय होणं शक्य नव्हतं. गुरुवारी त्यानं मॅडमना राजेशच्या केबिनपाशी उभं राहून बोलताना पाहिलं. बोलणं पॉलिटेक्निकच्या गळक्या संडासाबद्दल होतं, पण ते प्रवीणला ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तरी त्यानं ते खूण म्हणून धरलं असतं.

गुरुवारी दुपारी त्यानं दोन पानी तक्रार लिहिली. हस्ताक्षर चांगलं होतं. मजकूर असा, की संस्थेच्या नेटवर्कमध्ये काही कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी परस्पर फेरफार करून ज्येष्ठ विभागाची वाट अडवलेली असून पोर्ट स्टेटसची चोवीस ओळींची प्रत सोबत जोडली आहे. शेवटचं वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं खाली रेघ मारली: 'प्रमुख कोण, हे ठरवताना सेवाज्येष्ठता हाच एकमेव निकष असावा.'

शनिवारी अकरा वाजता मॅडमच्या ऑफिसात प्रवीण, राजेश आणि शुभम बसले. शुभमला मॅडमनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि तो पावसानं नखशिखांत भिजून आला होता. मॅडमनी तक्रार पूर्ण वाचली. चष्मा काढला.

"राजेश, तुम्ही यात काही फेरफार केलेत?"

"कशात मॅडम?"

"या स्विचमध्ये."

"मला त्याचा पासवर्डच माहीत नाही," राजेश म्हणाला. "लावला त्या दिवशी उतेकर सरांनी तिन्हींचे पासवर्ड बदलले ना. मी एकदा मागितला, तर सर म्हणाले, सांगेन. मी म्हटलं असू दे, सरांकडे आहे म्हणजे सुरक्षित आहे."

हे सगळं खरं होतं, आणि प्रवीण ते विसरला होता. तिन्ही स्विचच्या चाव्या चार आठवडे त्याच्याच खिशात होत्या. त्यानं फक्त स्वतःचं कुलूप उघडून पाहिलं होतं.

शुभमनं लॅपटॉप उघडला, प्रवीणकडून पासवर्ड घेतला आणि तिन्ही पानं एकामागोमाग एक पाहिली. पॉलिटेक्निक ३२७६८. शाळा ३२७६८. कॉलेज. तो थांबला.

"हे एकसष्ट हजार कोणी केलं?"

प्रवीणनं वर पाहिलं. छताच्या पंख्यानं दोन फेरे घेतले.

"कारण हे उलटं असतं मॅडम. आकडा जितका लहान तितका मान मोठा. शून्यवाला सगळ्यांच्या वर. एकसष्ट हजार म्हणजे, काय सांगू, पंगतीत सगळ्यात शेवटी. खरकटं काढायला सुरुवात झाल्यावर."

राजेश हसला नाही. उलट तो प्रवीणच्या बाजूनं बोलला. "चुकून क्लिक झालं असेल हो. माझ्या हातून तर परवा अख्खी हजेरी पुसली गेली." प्रवीणला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. या माणसाला हेवा करता येत नव्हता. देवानं केस दिले, फिरती खुर्ची दिली, आणि वर ही सवलतही दिली.

"मग मुख्य पॉलिटेक्निकचाच ना?" प्रवीणनं विचारलं. निदान तेवढं तरी खरं निघावं, असं त्याला वाटत होतं.

"नाही. पॉलिटेक्निकचा रूट पोर्ट पुढे दाखवतोय. नऊ नंबर." शुभमनं राजेशकडे पाहिलं. "नऊ नंबरला काय जोडलंय सर?"

राजेश आठवू लागला. "नऊ... हां. कँटीन. तिथं हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसवलं ना, केबल पुरेना. मग भंगाराच्या खोलीत एक जुना स्विच पडला होता, तो मधे टाकला. चालतोय दोन वर्षं."

सगळे छत्र्या घेऊन कँटीनला गेले. ठकूबाई मॅडमना पाहून उठली आणि पदर सारखा केला. मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर, तेलकट भिंतीला टेकून, आठ भोकांचा एक स्विच होता. त्याच्यावर स्टीलची थाळी, थाळीत सुक्या मिरच्या.

"त्याला हात लावू नका हां," ठकूबाई म्हणाली. "ऊबदार असतंय ता. पावसात मिरच्या सादळत नायत त्याच्यावर."

शुभमनं थाळी उचलून तिच्या हातात दिली आणि लॅपटॉपवरचा नंबर स्विचच्या अंगावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मान हलवली. "हाच. तिन्ही इमारतींचा मुख्य हा."

"हा कसा?" मॅडमनी विचारलं.

"कोणाचा आकडा लहान केलेला नसला मॅडम, सगळे सारखेच असले, की स्विच जन्माचा नंबर बघतात. ज्याचा लहान तो मुख्य. जुन्याचा सहसा लहान असतो. आणि हा तर आजोबा आहे."

मॅडमनी हातातल्या तक्रारीच्या दुसऱ्या पानावर नजर टाकली. "सेवाज्येष्ठता," त्या म्हणाल्या.

"तसंच झालंय," शुभम म्हणाला.

ठकूबाईनं चहा ओतला. टोप तिथंच होता, त्यामुळे या वेळी प्रवीणला साय न धरलेला चहा मिळाला. तो फार गरम होता, जीभ भाजली.

"बदलू का मॅडम? कॉलेजचा शून्य केला की कॉलेज मुख्य होईल. एक मिनिटाचं काम," शुभम म्हणाला. "अर्धा-पाऊण मिनिट सगळ्यांचं नेट थांबेल फक्त."

प्रवीण कप हातात धरून उभा राहिला. एक मिनिट. यादीत सगळ्यात वरचा तो शून्य, ज्याला तो बुधवारी हसला होता. त्यानं तोंड उघडलं.

"आत्ता चालतंय ना सगळं?" मॅडमनी विचारलं.

"चालतंय तसं."

"मग राहू द्या. परीक्षेचे फॉर्म भरायला लागलेत, साइट आधीच रडतेय. आणि उतेकर, समन्वयकाचं पत्र टेबलावर आहे, सही करून घेऊन जा. तुमचा एकट्याचाच अर्ज होता."

"अभिनंदन सर!" राजेश म्हणाला, आणि त्याला मनापासून आनंद झालेला दिसला. "मी कशाला करू अर्ज? पोलादपूरची शेवटची गाडी चुकते हो असल्या कामात."

शुभमनं स्विच जागेवर ठेवण्याआधी सवयीनं उलटा करून पाहिला. खाली पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर निळ्या शाईत, चांगल्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: 'कालबाह्य. उपयोगाचा नाही. भंगारात द्यावा. — प्र. है. उतेकर, १४ मार्च २०१३.' ठकूबाईनं त्याच्यावर मिरच्यांची थाळी परत ठेवली.